जुन्या गाडीत नवीन स्टिरिओ स्वतः कसा जोडायचा: मारुती ८०० धरून सगळं सविस्तर

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये बनायची बंद झाली, म्हणजे आज तुमच्या दारात उभी असलेली ८०० कितीही नवी म्हटली तरी दहा वर्षांच्या वरचीच आणि बहुतेक वेळा दुसऱ्या तिसऱ्या मालकाकडे आलेली. दरवेळी गाडीतला टेप (म्हणजे स्टिरिओचा सेट) बदलताना कोणीतरी मागचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लास्टिकचा जोड, कापलेला असतो, वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळलेली असते आणि जी वायर हाताला लागली ती वापरलेली असते, लाल संपली तर हिरवी. म्हणून सगळ्यात आधी एकच सांगतो, गाडीकडून येणाऱ्या वायरच्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. प्रत्येक वायर मीटर लावून ओळखायची, तिच्यावर कागदी टेपचा तुकडा चिकटवून नाव लिहायचं आणि मगच जोडायची. हे एवढं नीट केलं तर बाकीचं काम शांतपणे एका दुपारी होतं. झेन, एस्टीम, जुनी वॅगन आर, सँट्रो, इंडिका, सगळीकडे पद्धत हीच, फक्त स्क्रू वेगळ्या ठिकाणी असतात.

सामान आधी गोळा करा, कारण डॅशबोर्ड उघडून ठेवून दुकान शोधत फिरणं फार वैतागाचं. एक साधा डिजिटल मल्टीमीटर, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट आणि त्याला दोन लांब वायरी, १० नंबरचा पाना, स्क्रूड्रायव्हर, वायर सोलायचं कटर, सोल्डरिंग आयर्न किंवा चांगला क्रिंपिंग प्लायर (वायरीवर धातूची टोपी दाबून बसवायचा), हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आक्रसून घट्ट बसणारी नळी), गोल तोंडाचे लग (वायरच्या टोकाला लावायची धातूची कडी), कापडी टेप, केबल टाय, पेन्सिल सेल एक, आणि पॉलिश पेपरचा तुकडा. वायर १ स्क्वेअर एमएमची स्पीकरसाठी आणि २.५ ची मेन सप्लायसाठी, दोन्ही बारीक तारांच्या जुडीवाल्या, घरातल्या भिंतीत असते तसली जाड एका तारेची नको, ती गाडीच्या हादऱ्यांनी तुटते. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एका चकरेत मिळतं.

स्टिरिओ घेताना साइज बघा. जुन्या गाड्यांत साधारण सिंगल डिनची खाच असते, १८० बाय ५० मिलिमीटर. डबल डिन म्हणजे मोठा टचस्क्रीन १८० बाय १०० चा असतो, आणि तो बसवायला डॅशबोर्ड कापायचा सल्ला दुकानदार हमखास देतो. माझं स्पष्ट मत, कापू नका. एकदा कापलेला डॅशबोर्ड परत येत नाही, तो कायम खडखडतो, आणि जुन्या गाडीचा चांगल्या अवस्थेतला डॅशबोर्ड आता शोधून सापडत नाही. ब्लूटूथ आणि यूएसबीवाला सिंगल डिन घ्या, नकाशा फोनवर बघा. आणि बॉक्सवर ‘५० वॅट गुणिले ४’ लिहिलंय म्हणून भुलू नका, गाडीत इंजिन चालू असताना मिळतात साधारण १४.४ व्होल्ट, त्यात ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात २५ वॅटच्या वर देणं गणितातच बसत नाही, प्रत्यक्षात १५ ते २० मिळतात. ८०० च्या केबिनला तेवढे भरपूर होतात.

घेतानाच तुमच्या गाडीच्या मूळ कपलरमध्ये बसणारं जोड-हार्नेस (कपलरसकट वायरींची तयार जुडी) मागा, ॲक्सेसरीच्या दुकानात मारुतीचा कपलर म्हटलं की देतात. गाडीचा मूळ कपलर शाबूत असेल तर तो कापायचा नाही, काही झालं तरी नाही, जोड-हार्नेस आणि नव्या स्टिरिओचं हार्नेस हे दोन एकमेकांना जोडायचे आणि गाडीची वायरिंग जशीच्या तशी ठेवायची. शाबूत नसेल, जे जास्त शक्य आहे, तर पुढचं वाचा.

जुना टेप बाहेर काढणं

जुना सेट बहुतेक वेळा लोखंडी पिंजऱ्यात असतो आणि दोन्ही बाजूंनी पातळ पट्ट्या आत सारल्या की क्लिप सुटून बाहेर येतो. पट्ट्या हरवल्या असतील तर जुन्या हॅक्सॉ ब्लेडचे दोन तुकडे घासून काम भागतं. काही गाड्यांत मधली प्लास्टिकची पट्टी काढावी लागते आणि तिचे स्क्रू ॲशट्रेच्या मागे नाहीतर एसीच्या नॉबखाली लपलेले असतात. जोर लावायची वेळ आली की थांबायचं, कुठेतरी एक स्क्रू राहिलाय असं समजायचं, उन्हात वीस वर्षं तापलेलं प्लास्टिक काचेसारखं तडकतं. सेट थोडा बाहेर आला की मागे हात घालून अँटेनाची पिन सरळ ओढून काढा आणि कपलर काढण्याआधी मोबाईलवर चार बाजूंनी फोटो घ्या.

आता एक गोष्ट. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढूनच काम करा असं सगळीकडे सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण वायरी ओळखायच्या असतील तर बॅटरी लागलेलीच लागते. म्हणून क्रम असा ठेवा: सेट काढायच्या आधी निगेटिव्ह काढा, वायरींची सगळी उघडी टोकं एकमेकांपासून लांब करून टेप लावा, मग बॅटरी परत जोडून एकेक टोक उघडून मोजा, सगळ्यांना नावं दिली की पुन्हा निगेटिव्ह काढा आणि मगच जोडकाम. कधीही आधी निगेटिव्हच काढायची, कारण पॉझिटिव्हचा नट खोलताना पाना बॉडीला टेकला आणि निगेटिव्ह लागलेली असली तर जबरदस्त ठिणगी पडते.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळा प्रोब चक्क उघड्या लोखंडाला, रंगाला नाही. चावी पूर्ण बंद. ज्या वायरवर १२ ते १२.६ व्होल्ट येतात ती कायमची सप्लाय. आता चावी पहिल्या टप्प्यावर, म्हणजे ॲक्सेसरीवर फिरवा, जिच्यावर आता व्होल्ट आले आणि चावी काढली की गेले ती ॲक्सेसरीची वायर. पार्किंग लाइट लावल्यावर जिवंत होणारी असेल ती सेटच्या बटणांच्या उजेडाची. बाकी राहिलेल्यांत एक अर्थिंग (बॉडीला जाणारी मायनस) आणि उरलेल्या स्पीकरच्या. ॲक्सेसरीची वायर सापडलीच नाही तर फ्यूज बॉक्स बघा, बऱ्याचदा फ्यूजच उडालेला असतो, आणि जुन्या गाड्यांत सिगरेट लायटर आणि रेडिओ एकाच फ्यूजवर असणं नेहमीचं आहे, लायटर चालत नसेल तर तिथेच शोधा.

इथे बहुतेक जण थांबतात, मीटरने १२ दाखवले म्हणजे वायर चांगली. तसं नसतं. मीटर जवळजवळ शून्य करंट ओढतो, त्यामुळे आतून गंजलेली, एकाच तारेवर लटकलेली वायरही त्याला ऐटीत १२ व्होल्ट दाखवते आणि स्टिरिओचा आवाज वाढवला की मान टाकते, सेट बंद होऊन परत चालू होतो, मग लोक सेट खराब म्हणून दुकानात भांडायला जातात. म्हणून तो २१ वॅटचा बल्ब. बल्बची एक वायर सप्लायला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला, बल्ब पेटलेला असताना त्या सप्लायवर व्होल्ट मोजा आणि बॅटरीवर मोजा. दोन्हीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर ती वायर किंवा मधला जॉइंट गेलेला आहे. हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, स्टिरिओ पूर्ण आवाजात याच्यापेक्षा खूप जास्त ओढतो, म्हणजे बल्बवरच नापास झालेली वायर पुढे टिकणारच नाही. अर्थिंगची परीक्षाही तशीच, बल्ब बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून त्या अर्थिंगच्या वायरला लावा आणि पेटलेला असताना त्या वायरचं टोक ते बॅटरीचा निगेटिव्ह यामध्ये व्होल्ट मोजा, ०.१ ते ०.२ च्या आत हवेत.

कायमच्या सप्लायची जुनी वायर नापास झाली तर डागडुजी करत बसू नका, बॅटरीपासून २.५ ची नवी वायर ओढा. बॉनेटमधून केबिनमध्ये येताना जिथे आधीच रबरी ग्रोमेट आहे तिथूनच आणायची, पत्र्याच्या उघड्या भोकातून आणली तर धार हळूहळू कव्हर कापते. आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात, १५ अँपिअरचा. हा फ्यूज स्टिरिओसाठी नसतो, त्याचा फ्यूज त्याच्या मागे वेगळा असतो, हा त्या लांब वायरसाठी असतो, कारण ती वायर मध्ये कुठे बॉडीला टेकली तर अख्खी बॅटरी तिच्यातून वाहते आणि कार्पेटखाली आग लागते. फ्यूज उडाला म्हणून त्या जागी चांदीचा कागद नाहीतर तांब्याची तार अडकवलेल्या गाड्या अजून दिसतात. तुमच्या गाडीत असं काही सापडलं तर स्टिरिओचं काम बाजूला ठेवा आणि आधी ते काढा.

स्पीकरच्या वायरी

स्पीकरच्या वायरी ओळखायला मीटर ओहमवर ठेवा. चांगला ४ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो, काहीच दाखवत नसेल तर स्पीकर नाहीतर वायर तुटलीय. दाराच्या स्पीकरचं हे फार होतं, कारण दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत वायर रोज वाकते आणि आतल्या आत तुटते, बाहेरून कव्हर ठणठणीत. मग पेन्सिल सेल घ्या आणि जोडीच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा, ज्या स्पीकरमधून ‘टक्’ येईल तो त्या जोडीचा. एक माणूस मागे बसवा, काम पटकन होतं. दिशा पण यातच कळते, सेलचा प्लस ज्या वायरवर असताना स्पीकरचा पडदा बाहेर येतो ती वायर प्लस. डावीकडचा सरळ आणि उजवीकडचा उलटा जोडला तर काही जळत नाही पण ढोलकी आणि तबल्याचा खालचा आवाज नाहीसा होतो, दोन्ही पडदे एकमेकांच्या विरुद्ध हलतात आणि हवेत एकमेकांचं खोडतात. गाण्यात दम नाही म्हणून लोक वूफर विकत घेतात आणि दोष असतो एका उलट्या जोडीचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि जुन्या गाडीतच येणारं. स्पीकरच्या प्रत्येक वायरची बॉडीशी कंटिन्यूइटी, म्हणजे आतून जोड आहे का, मीटरच्या बीपवर तपासा, बीप आला नाही पाहिजे. पूर्वीच्या साध्या कॅसेट प्लेअरच्या काळात वायर वाचवायला स्पीकरचं निगेटिव्ह थेट बॉडीला टाकायचे नाहीतर दोन स्पीकरना एकच मायनस द्यायचे, त्या सेटना ते चालायचं. आजच्या सेटना अजिबात चालत नाही. यांच्या आतला ॲम्प्लिफायर प्रत्येक स्पीकरला दोन्ही बाजूंनी ढकलतो, स्पीकरच्या प्लस आणि मायनस दोन्ही वायरवर बॉडीच्या तुलनेत सहा-सात व्होल्ट असतात, म्हणजे मायनस नावालाच मायनस. ती बॉडीला लागली की सेट डिस्प्लेवर प्रोटेक्ट दाखवून गप्प बसतो, किंवा आतला आयसी (ॲम्प्लिफायरची चिप) जातो. बीप आला तर जुनी वायर सोडून द्या, प्रत्येक स्पीकरला दोन स्वतंत्र वायरी नव्याने टाका. दाराच्या पायरीची प्लास्टिक पट्टी काढून कार्पेटखालून वायर डिकीपर्यंत जाते, मागच्या पार्सल ट्रेवरच्या सहा बाय नऊ इंचाच्या ओव्हल स्पीकरना तिथूनच द्या.

दाराचे स्पीकर उघडलेच असतील तर आतला प्लास्टिकचा कागद फाडू नका. पावसाळ्यात काचेच्या पट्टीतून पाणी दाराच्या आत उतरणारच, तसंच बनवलेलं असतं, ते खालच्या भोकांतून बाहेर जातं, तो कागद ते पाणी केबिनमध्ये आणि दाराच्या पॅनेलवर येऊ देत नाही. कोकणात नाहीतर मावळात राहणाऱ्यांनी कागद नीट चिकटवून, वायर दारात शिरते तिथे तिला खाली एक झोल द्या म्हणजे पाणी झोलावरून ठिबकेल आणि कपलरपर्यंत जाणार नाही.

जोडकाम

नव्या स्टिरिओकडच्या रंगांवर मात्र बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो, चांगल्या कंपन्या सगळ्या एकच पद्धत पाळतात, तरी सेटवरचं स्टिकर एकदा वाचाच. पिवळी म्हणजे कायमची सप्लाय, लाल म्हणजे ॲक्सेसरी, काळी अर्थिंग. पुढचा डावा स्पीकर पांढरी, पुढचा उजवा राखाडी, मागचा डावा हिरवी, मागचा उजवा जांभळी, आणि त्याच रंगावर काळी रेघ असली की ती मायनस. केशरी असली तर उजेडाची. निळी मोटरवाल्या अँटेनाची आणि निळी-पांढरी बाहेरच्या ॲम्प्लिफायरला चालू हो सांगणारी, या दोन्हीतून व्होल्ट बाहेर येतात, यांना सप्लाय द्यायची नसते. वापर नसेल तर टोकाला स्लीव्ह घालून बंद करा, नुसत्या लोंबकळत सोडू नका.

पिवळी आणि लाल उलटी जोडली तर सेट चालतो, म्हणून चूक लक्षात येत नाही, पण चावी काढली की घड्याळ आणि स्टेशनं पुसली जातात. पिवळी आणि लाल दोन्ही एकत्र पिळून कायमच्या सप्लायला जोडणं हा आणखी एक झटपट प्रकार दुकानांत चालतो, त्यात चावीशिवाय गाणी वाजतात म्हणून गिऱ्हाईक खूश होतं आणि सेट हाताने बंद करायचा राहिला की सकाळी बॅटरी झोपलेली.

दोन हार्नेसचे जोड गाडीत वाकून करू नका, घरात टेबलावर चांगल्या उजेडात करा. आधी स्लीव्ह वायरमध्ये सरकवा, हे विसरलं की सगळं परत सोडवावं लागतं. एक सेंटिमीटर सोला, दोन्ही टोकं समोरासमोर पिळा, सोल्डर वायरीतच वितळू द्या आयर्नवर नाही, थंड झाल्यावर स्लीव्ह ओढून गरम करा. क्रिंप करणार असाल तर चांगला रॅचेटवाला प्लायर पाहिजे, साध्या पक्कडीने दाबलेला क्रिंप हादऱ्यांनी सुटतो. आणि नुसतं पिळून काळी टेप, हे नको. नागपूर, जळगावकडे मे महिन्यात बंद गाडी उन्हात उभी राहिली की त्या टेपचा गोंद पातळ होऊन चिकट रस होतो, टेप उलगडते आणि आतली उघडी वायर शेजारणीला भेटते. सगळं झालं की जुडीला कापडी टेप गुंडाळा, ती गरम होऊन सुटत नाही आणि डॅशबोर्डच्या आत वायरी आपटून खुडखुडही करत नाहीत.

काळी वायर हार्नेसमधल्या जुन्या काळ्याला जोडून समाधान मानू नका. डॅशबोर्डच्या मागे लोखंडी पत्र्यावरचा एखादा बोल्ट शोधा, खालचा रंग पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, लग लावा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि वरून थोडं ग्रीस, म्हणजे गंज धरणार नाही. ही अर्थिंग ढिली असली तर सेट अँटेनाच्या वायरच्या जाळीतून अर्थिंग शोधतो आणि तिथून रडणं सुरू होतं, ॲक्सिलरेटर दिला की आवाजात वर चढत जाणारी शिट्टी. आजवर अशा जितक्या शिट्ट्या बघितल्या त्यातल्या बहुतेक नुसत्या अर्थिंगने गेल्या, फिल्टर वगैरे विकत आणायच्या आधी हे करून बघा.

नवा पिंजरा खाचेत घाला, आतल्या जिभा स्क्रूड्रायव्हरने बाहेर वाकवा म्हणजे तो हलणार नाही. पण सेट पूर्ण आत ढकलण्याआधी बाहेर मांडीवर ठेवूनच चालवून बघा. बॅटरी जोडा, चावी ॲक्सेसरीवर, आवाज अगदी कमी. डावीकडे फिरवा, उजवीकडे, पुढे, मागे, प्रत्येक स्पीकर आपापल्या जागी वाजतोय का बघा. चावी काढून परत लावा, घड्याळ टिकलं पाहिजे. मग इंजिन चालू करा, बॅटरीवर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आले पाहिजेत, १५ च्या वर गेले तर चार्जिंगचा रेग्युलेटर गेलाय आणि तो नव्या सेटला मारेल, आधी तो बदला.

रेडिओच्या सेटिंगमध्ये देश किंवा विभाग बघायचा राहतो. अमेरिकेसाठी सेट केलेला असला तर तो एफएम ०.२ च्या उडीने शोधतो आणि फक्त विषम आकडे पकडतो, १०४.८ सारखं स्टेशन सापडतच नाही. मिडियम वेव्हला तो १० च्या उडीने जातो, आपल्याकडे ९ ची लागते, मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ वर आहे, तिच्यावर तो नीट थांबूच शकत नाही. विभाग युरोप किंवा आशिया केला की दोन्ही मिळतात. तरी खरखर असेल तर अँटेनाची पिन पूर्ण आत बसलीय का बघा, आणि बाहेर ओढायच्या अँटेनाच्या बुडाशी गंज असला तर तो साफ करा.

सेट आत सरकवताना वायरींची जुडी त्याच्या मागे कोंबू नका, खाली मोकळ्या जागेत उतरवा, मागचा ॲल्युमिनियमचा भाग तापतो त्याला हवा लागते. बाजूला स्क्रू लावायचे असतील तर सेटबरोबर आलेलेच, लांब स्क्रू आत सर्किटला भिडतो. मागच्या बाजूला आधाराची पट्टी मिळते तिला बहुतेक जण फेकतात, ती लावा, नाहीतर खड्ड्यांच्या रस्त्यावर सेटचं सगळं वजन पुढच्या चार जिभांवर येतं.

शेवटी रात्रीचा खर्च मोजायचा. सगळं बंद, दारं बंद, चावी काढलेली. बॅटरीची निगेटिव्ह क्लॅम्प काढा, मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून क्लॅम्प आणि टर्मिनलच्या मध्ये धरा, पाच मिनिटं थांबा आणि आकडा बघा. मीटर असा लागलेला असताना सेल मारून गाडी चालू करायची नाही, मीटरचा फ्यूज उडेल. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर काळजी नाही, कार्ब्युरेटरवाल्या ८०० मध्ये तर त्याहून बराच कमी यायला हवा. ३०० आले तर हिशोब करा, ८०० ची ३५ अँपिअर अवरची बॅटरी, दिवसाला सात अँपिअर अवरच्या वर जातात, गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की सेल मारून चालू होणार नाही. मग एकेक फ्यूज काढत जा, ज्याच्याने आकडा खाली येईल ती वाट धरून शोधा. बहुतेकदा पिवळी-लाल एकत्र झालेली असते, किंवा ॲम्प्लिफायरची निळी-पांढरी कुणीतरी कायमच्या सप्लायला दिलेली असते.

वायरींना दिलेली नावं कागदी टेपसकट तशीच राहू द्या आणि कोणती वायर कुठून कुठे गेलीय याचा एक कागद लिहून फोटोसकट गाडीच्या कागदपत्रांत ठेवा, पुढच्यांदा डॅशबोर्ड उघडणाऱ्याला, तो तुम्ही असा किंवा पुढचा मालक, परत शून्यापासून मोजायला लागणार नाही.